तटस्थ नोंदीचे मराठी : नवागत कोशसंपादकांना काय शिकवावे?

मराठीतील कोशवाङ्मयाची परंपरा संपन्न आहे, असे आपण नेहमी म्हणतो आणि ते खोटे नाही. केतकरांचा तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश, महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून सिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश, ही नावे मराठी विभागातील विद्यार्थ्याला पाठ असतात. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया या मालिकेत ठेवून पाहण्याची सवय मात्र आपल्या विभागांना अद्याप लागलेली नाही. त्याला कोश म्हणावे की नाही, याविषयीच अनेकांच्या मनात किंतु असतो. त्या किंतूची कारणे समजण्यासारखी आहेत. तथापि, आज ज्या वाचकाला एखाद्या आंदोलनाविषयी, पक्षाविषयी वा पुढाऱ्याविषयी चार ओळी तातडीने हव्या असतात, तो विश्वकोशाचा खंड काढून बसत नाही. महाजालावर जी नोंद प्रथम सापडते ती तो वाचतो आणि बहुधा तेथेच थांबतो. संगणकाला भाषा शिकविणाऱ्या ज्या यंत्रणा आता सर्वत्र वापरात आल्या आहेत, त्याही हाच मजकूर पोटात घेतात. आणि ही नोंद लिहिणारा पुष्कळदा वीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी असतो. कोठल्या तरी महाविद्यालयातील एका दिवसाच्या कार्यशाळेत त्याने सदस्य म्हणून नाव नोंदविलेले असते, एवढीच त्याची पूर्वतयारी.

या नवागताला राजकीय विषयावर तटस्थपणे लिहावयास शिकविणे हे मराठी विभागांचे काम आहे, आणि ते आज ज्या रीतीने केले जाते ती रीत अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अपुरेपणाचे कारण शिकविणाऱ्यांची अनास्था हे नसून तटस्थतेविषयीची त्यांची कल्पना हे आहे. तटस्थता ही मनाची अवस्था आहे, असे मानून ती शिकविली जाते. वस्तुतः ती वाक्याची अवस्था आहे, आणि वाक्य मराठी असेल तर तिचे प्रश्नही मराठीचेच असतात.

सध्याची पद्धत अशी : नवागताला वर्ज्य शब्दांची एक यादी दिली जाते. 'थोर', 'झुंजार', 'लोकप्रिय', 'अजातशत्रू', 'कार्यसम्राट' ही विशेषणे काढून टाका, म्हणजे नोंद तटस्थ होईल, असे सांगितले जाते. आमदारांच्या नोंदींतून 'कार्यसम्राट' हा शब्द खुडून काढणे हे पुण्यकर्म आहे यात शंका नाही. निवडणुकीच्या हंगामात तर ते वरचेवर करावे लागते. परंतु विशेषणे हा पक्षपाताचा सर्वांत उघडा आणि म्हणून सर्वांत निरुपद्रवी प्रकार होय. स्तुतिपाठक आहे हे वाचकाला पहिल्याच ओळीत कळते आणि तो सावध होतो. विशेषणे गाळून लिहिलेली पक्षपाती नोंद वाचताना त्याला सावध होण्याचे कारण उरत नाही. यादी पाठ केलेल्या विद्यार्थ्यालाही आपण आता तटस्थ झालो असे प्रामाणिकपणे वाटू लागते, आणि पुढचे शिकविणे अवघड होऊन बसते.

येथे छापील कोश आणि हा नवा कोश यांच्यातील एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडांत केतकर स्वतःची मते दडवीत नाहीत. समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी बांधलेले सिद्धान्त तेथे उघडपणे वावरतात. ते मत केतकरांचे आहे हे वाचकाला ठाऊक असल्याने त्यात फसवणूक नाही. १९७६ पासून निघू लागलेल्या विश्वकोशाच्या खंडांत नोंदीखाली लेखकाचे नाव असते, संदर्भग्रंथांची यादी असते आणि सर्वांवर संपादक मंडळाची जबाबदारी असते. म्हणजे निवेदक कोण, या प्रश्नाला उत्तर आहे. विकिपीडियाच्या नोंदीला असा निवेदक नाही. एका परिच्छेदातील पहिले वाक्य सोलापूरच्या शिक्षकाचे, दुसरे अमेरिकेत स्थायिक झालेल्या अभियंत्याचे आणि तिसरे कालच आलेल्या विद्यार्थ्याचे असू शकते. 'इतिहास' या कळीखाली त्या सर्वांची नोंद राहते हे खरे. पण सामान्य वाचक तेथवर जात नाही. त्याच्या कानी पडतो तो एक अनाम, सर्वज्ञ आणि अधिकारवाणीने बोलणारा आवाज. कथनमीमांसेचा अभ्यास केलेल्या कोणालाही हे सांगावयास नको, की अशा निवेदकाच्या मुखातून आलेले मत हे मत म्हणून ऐकू येत नाही, वस्तुस्थिती म्हणून ऐकू येते. म्हणून छापील कोशात नोंदीखाली येणारी सही येथे वाक्याच्या पोटात यावी लागते : अमुक इतिहासकाराच्या मते, तमुक समितीच्या अहवालानुसार, त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात. विकिपीडियाच्या तटस्थतेच्या धोरणाचा गाभा हाच आहे. लेखकाला मत नसावे असे ते धोरण म्हणत नाही, किंवा सत्य दोन टोकांच्या मध्यावर असते असेही म्हणत नाही. प्रसिद्ध आणि विश्वसनीय साधनांत जी महत्त्वाची मते आढळतात ती त्यांच्या तेथील वजनाच्या प्रमाणात, ज्याची त्याच्या नावावर मांडावीत, एवढेच त्याचे मागणे आहे.

हे मागणे ऐकावयास सोपे वाटते. ते प्रत्यक्षात किती कठीण आहे हे पाहण्यासाठी सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या घटनेचे उदाहरण घेऊ. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना नोंदीसाठी विषय निवडावयास सांगितले की हा विषय येतोच, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. कित्येकांच्या घरांत त्या काळाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. घटनाक्रमाविषयी फारसा वाद नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये निझाम आणि भारत सरकार यांच्यात 'जैसे थे' करार झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ तारखेला निझामांनी युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला संस्थानचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. वाद आहे तो या पाच-सहा दिवसांना काय म्हणावे याचा.

तेव्हाच्या सरकारने त्याला 'पोलीस कारवाई' म्हटले. ती कारवाई सैन्याने केली होती. पण शब्द रूढ झाला, आणि मराठवाड्यातील जुनी माणसे 'पोलीस ॲक्शन' याच नावाने त्या काळाची गणना करीत. महाराष्ट्रात १७ सप्टेंबर हा 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' म्हणून पाळला जातो. तेलंगणात हाच दिवस 'विमोचन' म्हणावा की 'विलीनीकरण', यावर आजही पक्षापक्षांत तंटा आहे. २०२२ साली त्याच दिवशी हैदराबादेत केंद्र सरकारने मुक्तिदिन साजरा केला आणि राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन. उर्दूत 'सुकूते हैदराबाद', म्हणजे हैदराबादचा पाडाव, असा प्रयोग रूढ आहे. या घटनेवरील ग्रंथांची नावे पाहिली तरी पुरे. निझामाच्या दरबारी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या कन्हैयालाल मुन्शी यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकाला 'एका युगाचा अंत' अशा अर्थाचे नाव दिले, संस्थानचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी 'हैदराबादची शोकांतिका' अशा अर्थाचे, तर ए. जी. नूरानी यांनी 'हैदराबादचा विध्वंस' अशा अर्थाचे. आपल्या नरहर कुरुंदकरांच्या या विषयावरील पुस्तकाच्या नावात 'विमोचन' आणि 'विसर्जन' असे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

विद्यार्थी विचारतो, यांपैकी तटस्थ शब्द कोणता? याचे उत्तर 'एकही नाही' असे आहे, आणि मार्गदर्शकाने ते स्पष्टपणे दिले पाहिजे. 'विलीनीकरण' हा शब्द मराठी कानाला कोरडा, सरकारी आणि म्हणून निर्दोष वाटतो. तेलंगणात तो एका पक्षाचा शब्द आहे. तेव्हा निर्गुण शब्दाच्या शोधात वेळ दवडण्यापेक्षा मराठी साधनांत जे नाव सर्वाधिक रूढ आहे ते मथळ्यास घ्यावे, पहिल्याच परिच्छेदात इतर नावे ती वापरणाऱ्यांसह द्यावीत आणि निवेदकाने स्वतः मात्र 'सैन्य संस्थानात शिरले' एवढेच म्हणावे. हीच दृष्टी स्थलनामांनाही लागू करावी. १९४८ च्या घटनेत उस्मानाबाद हेच नाव हवे. २०२३ पासूनचे धाराशिव हे नाव एकदा शेजारी दिले की पुरते. मराठवाडा विद्यापीठाच्या प्रश्नात विधिमंडळाचा १९७८ चा ठराव हा नामांतराचा आणि १४ जानेवारी १९९४ रोजी प्रत्यक्षात आला तो नामविस्तार. हे दोन शब्द पर्यायवाचक समजून अदलून-बदलून वापरणारा विद्यार्थी सोळा वर्षांचा संघर्ष एका प्रत्ययात पुसून टाकीत असतो.

नावानंतरचा प्रश्न नोंद कोठे संपते हा. नवागतांनी लिहिलेल्या हैदराबादवरील नोंदी बहुधा १७ सप्टेंबरला संपतात. ध्वज चढतो आणि पडदा पडतो. नाट्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कोशाच्या दृष्टीने नाही. तेलंगणातील शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा १९४६ मध्ये सुरू झाला आणि १९५१ पर्यंत चालला. त्यातील कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या लेखी त्या दिवशी काहीच संपले नाही, उलट त्यानंतर त्यांची गाठ भारतीय सैन्याशी पडली. आणि दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींचे एक पथक १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरले. कारवाईच्या काळात व त्यानंतर झालेल्या हिंसाचारात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्या पथकाने आपल्या अहवालात दिला. मृतांत मुसलमान बहुसंख्य होते, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन जिल्हे होते. सरकारने तो अहवाल त्या काळी प्रसिद्ध केला नाही; नूरानी यांच्या वर उल्लेखिलेल्या पुस्तकात तो समग्र छापलेला आहे.

हा परिच्छेद नोंदीत हवा, असे सुचविले की नवागत अस्वस्थ होतो. 'हे लिहिले तर रझाकारांचे समर्थन केल्यासारखे होईल', असे तो म्हणतो. त्याची अस्वस्थता खरी असते; तिला 'पूर्वग्रह' म्हणून झिडकारणारा मार्गदर्शक त्याला कायमचा गमावतो. त्याला एवढेच दाखवावे, की रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा एकही शब्द यासाठी कमी करावयाचा नाही. याउलट काही नोंदींचा आरंभच सुंदरलाल अहवालापासून होतो आणि त्याआधीच्या वर्षभरातील रझाकारांची दहशत एका दुय्यम वाक्यात आटोपली जाते. तेथेही दोष तोच, दिशा फक्त उलटी. दोन्ही बाजूंना सारख्या ओळी वाटून देण्यानेही काम भागत नाही; तो तराजू नव्हे, वाटणीपत्र झाले. साधनांत कशाला किती स्थान आहे, आणि ती साधने कोणाची आहेत, हे पाहावे लागते. मराठीतील साधने मुख्यतः लढ्यात भाग घेतलेल्यांची आहेत. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजी आठवणी असोत की अनंत भालेराव यांचा ग्रंथ असो, त्यांचे मोल वादातीत आहे. पण ते आतून लिहिलेले आहेत, हे नोंदीत दिसले पाहिजे.

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेतील संपादकाला लागू पडेल. यापुढचे केवळ मराठीचे आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शक पानांचे भाषांतर करून ते हाती लागत नाही.

समजा, एका नोंदीत दोन वाक्ये आहेत. पहिले : 'रझाकारांनी गावे जाळली आणि निरपराध लोकांना ठार मारले.' दुसरे : 'पोलीस कारवाईनंतर काही ठिकाणी अनुचित प्रकार घडले.' दुसऱ्या वाक्यात एकही विशेषण आक्षेपार्ह नाही. वर्ज्य शब्दांच्या यादीतून ते सुखरूप निसटेल. परंतु पहिल्या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, क्रिया आहे. दुसऱ्यात 'प्रकार' हाच व्याकरणदृष्ट्या कर्ता होऊन बसला आहे. कोणी केले नाही, कोणाला झाले नाही, ते 'घडले'. मराठीत ही सोय फार मुबलक आहे. 'गोळीबार झाला', 'दंगल उसळली', 'तणाव निर्माण झाला', 'गालबोट लागले' ही वृत्तपत्रांनी घडविलेली वाक्ये आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत, की त्यांत माणूस नाही हे जाणवतही नाही. विद्यार्थी येथे खोटे बोलत नसतो. तो आपल्या बाजूच्या कृत्यांना 'घडणे' आणि दुसऱ्या बाजूच्या कृत्यांना 'करणे' वापरतो, इतकेच. आणि ते त्याच्याही नकळत होते. म्हणून राजकीय नोंद तपासताना पहिले काम कर्त्याच्या शोधाचे असावे. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून 'कोणी?' असे विचारावे. कर्ता साधनांतून ठाऊक असेल तर तो लिहावा, आणि साधनांतही नसेल तर 'हल्लेखोरांची ओळख अहवालात नाही' असे म्हणावे. शाळेत कंटाळवाणा वाटलेला प्रयोगविचार येथे किती उपयोगी पडतो, हे पाहून विद्यार्थी चकित होतात.

दुसरा प्रश्न वचनाचा. आपल्या भाषेत एका माणसाविषयी लिहितानाही एकवचन की आदरार्थी बहुवचन हे ठरविल्याशिवाय क्रियापद पुढे सरकत नाही. इंग्रजीला ही अडचण नसल्याने तेथील धोरणात तिचा उल्लेखही नाही. परिणामी मराठी नोंदीत नेहरू 'म्हणाले', पटेल 'म्हणाले', स्वामीजी 'म्हणाले', आणि कासिम रझवी मात्र 'म्हणाला'. पुष्कळदा तो 'बरळला' असेही आढळते. निझाम तर एकाच परिच्छेदात करार करताना 'त्यांनी' असतो आणि युद्धबंदीपूर्वी 'त्याने'. वाचकाने अजून कृत्ये वाचलेली नसतात, पण कोणाला कोठे बसवायचे हे क्रियापदाने त्याला सांगून टाकलेले असते. यावर उपाय म्हणून सर्वांना एकवचन द्यावे असे काहींचे म्हणणे आहे. ते तर्कशुद्ध आहे, परंतु मराठी वाचकाला ते सहन होणार नाही आणि नोंदीचा सारा वाद मग त्या एकाच गोष्टीवर होईल. प्रस्तुत लेखकाच्या मते अर्वाचीन राजकारणातील व्यक्तींविषयी लिहिताना एका नोंदीत सर्वांना आदरार्थी बहुवचन वापरावे. (या लेखाच्या पुढील ओळींत रझवी यांच्या नावापुढे 'यांनी' आलेले पाहून भुवया उंचावणारे वाचक असतील, याची कल्पना आहे.) आदरार्थी बहुवचनाने कोणाचे कृत्य उजळत नाही. रझवी यांनी केलेली भाषणे त्यांच्याच शब्दांत, साधनासह दिली, तर वाचकाला निवेदकाच्या एकवचनाची गरज उरत नाही.

'म्हणणे' या क्रियापदाचे भाऊबंदही तपासून घ्यावेत. 'स्पष्ट केले' म्हटले की बोलणारा खरा ठरतो, 'दावा केला' म्हटले की संशयित, 'कबूल केले' म्हटले की अपराधी आणि 'कांगावा केला' म्हटले की लबाड. एकाच पत्रकार परिषदेतील चौघांना ही चार क्रियापदे वाटून दिली, की निकाल लागलेला असतो. 'मात्र', 'तरीही', 'अखेर', 'चक्क' ही अव्यये अशीच. वाक्य जोडण्याच्या निमित्ताने ती मत देऊन जातात. आणि 'च' विषयी तर स्वतंत्र निबंध लिहिता येईल. 'सरकारने चौकशी नेमली' आणि 'सरकारनेच चौकशी नेमली' यांतील अंतर मोजता येईल असे यंत्र अद्याप निघालेले नाही.

हे सारे नवागताला सांगावे कसे? येथे मार्गदर्शकाच्या वर्तनाचा प्रश्न येतो. विकिपीडियावर दुसऱ्याचे लेखन एका कळीने पूर्ववत करता येते. अनुभवी सदस्याला ते सोयीचे असते. ज्याने दोन संध्याकाळी खर्चून परिच्छेद लिहिला त्याला मात्र आपल्याला हाकलले असे वाटते, आणि राजकीय विषय असेल तर ते आपल्या पक्षामुळे, जातीमुळे वा गावामुळे असेही वाटते. अनेकदा तो परत येत नाही. म्हणून पहिल्या काही नोंदी धूळपाटीवर लिहून घ्याव्यात. (सरावाच्या पानाला 'धूळपाटी' हा जुन्या शाळांतला शब्द ज्या कोणा सदस्याने सुचविला असेल, त्याचे मराठीवर उपकार आहेत.) मार्गदर्शकाने दुरुस्ती न करता चर्चापानावर प्रश्न लिहावेत : हे कोण म्हणते? कोणी केले? हेच वाक्य दुसऱ्या बाजूविषयी असते तर असेच लिहिले असते काय? उत्तर विद्यार्थ्यानेच शोधावे. प्रश्न लिहिण्याला वेळ अधिक लागतो, हे खरे आहे.

एक अभ्यास विशेष उपयोगी ठरतो. ज्या पक्षाचे म्हणणे विद्यार्थ्याला मुळीच पटत नाही, त्या पक्षाच्या बाजूचा परिच्छेद त्याच्याकडून लिहवून घ्यावा. आणि तो त्या पक्षाच्या माणसाने वाचल्यास 'होय, आमचे म्हणणे हेच' असे म्हणाला, तरच तो स्वीकारावा. आपल्या शास्त्रपरंपरेतील पूर्वपक्षाशी याचे नाते आहे. फरक एवढाच, की शास्त्रकार पूर्वपक्ष मांडतो तो पुढे खोडून काढण्यासाठी. कोशकाराला सिद्धान्तपक्षाचा अधिकार नाही. जुन्या ग्रंथांतील पूर्वपक्ष कधी कधी मुद्दाम दुबळा मांडलेला असतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना येथील धोकाही कळेल.

मार्गदर्शकालाही राजकीय मते असतात. ती लपविण्याची गरज नाही. पण उदाहरणे निवडताना त्याने स्वतःला प्रिय असलेल्या विषयापासून आरंभ करावा. मराठी माणसासाठी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाइतका चांगला विषय नाही. आंदोलनात मृत्यू पावलेल्यांची संख्या छापील साहित्यात १०५, १०६ आणि १०७ अशी तिन्ही प्रकारे आढळते. तेव्हा कोणती संख्या कोठे आहे हे सांगावे, त्यांतून आपणच एक निवडून मोकळे होऊ नये. 'हुतात्मा' हा शब्द त्याहून कठीण. हुतात्मा चौक हे स्थळाचे नाव आहे, त्यात प्रश्न नाही. परंतु निवेदकाने 'गोळीबारात मृत्यू पावले' म्हणावे आणि 'हुतात्मे म्हणून गौरविले जाते' असे जोडावे की सरळ 'हुतात्मे झाले' म्हणावे? प्रस्तुत लेखक पहिल्या पर्यायाच्या बाजूचा आहे. वर्गात हे म्हटल्यावर जी शांतता पसरते, ती मार्गदर्शकानेही अनुभवावी. हैदराबादच्या विद्यार्थ्याकडून आपण काय मागत होतो हे मग त्याला कळते.

साहित्याच्या विभागांतून या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो : भाषा तटस्थ नसतेच, प्रत्येक कथन कोणाच्या तरी बाजूचे असते, मग या खटाटोपाला अर्थ काय? हा सिद्धान्त आपण गेली तीन-चार दशके शिकवीत आलो आहोत आणि तो बरोबर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. भाषा स्वभावतः तटस्थ असती तर सहीची, साधनाची, कर्त्याच्या शोधाची गरजच पडली नसती. ज्यांना निवेदकाचा आवाज ओळखता येतो त्यांनी 'शेवटी सारेच पक्षपाती' असे म्हणून हात झटकले, की ती जागा ज्यांना तो ओळखता येत नाही त्यांच्याकडे जाते, किंवा ज्यांना तो नीट वापरता येतो त्या पक्षांच्या प्रचारविभागांकडे.

आणि हे काम आता निर्धोकही राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या नोंदीतील मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला. त्या मजकुराच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे करावयाची नाही. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना ज्वलंत विषयावर लिहावयास बसविणाऱ्या अध्यापकाने त्यांना हे आधी सांगणे आवश्यक आहे. खऱ्या नावाने सदस्यत्व घ्यावे की नाही हे त्यांना ठरवू द्यावे, आणि ज्याला असा विषय नको असेल त्याच्यावर तो लादू नये. साधनासह, नावानिशी मांडलेले मत हे संपादकाचे संरक्षणही असते, ही गोष्ट त्यांना धोरणाच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर पटते.

मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या कार्यशाळांत अहवालासाठी नोंदींची संख्या मोजली जाते. शंभर नव्या नोंदी झाल्या की कार्यक्रम यशस्वी. त्यांतील किती महिन्याभराने शिल्लक राहिल्या आणि किती विद्यार्थी पुन्हा फिरकले, हे कोणी विचारीत नाही. त्याऐवजी पदव्युत्तर वर्गात एका सत्रासाठी दहाच विद्यार्थी घ्यावेत, प्रत्येकाने दोनशे शब्दांचा एकच राजकीय परिच्छेद लिहावा आणि तो सत्रभर दुरुस्त करीत राहावा. गुण परिच्छेदाला नव्हे, चर्चापानावरील उत्तरांना द्यावेत. सप्टेंबर १९४८ च्या नोंदीसाठी तर उर्दू आणि तेलुगू वाचणारे कोणी तरी बरोबर असल्याशिवाय वजनाचा अंदाजच येणार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात मराठी आणि उर्दू हे दोन्ही विभाग आहेत. दोन्ही विभागांतील पाच-पाच विद्यार्थी एका टेबलाभोवती बसवून, लायक अली आणि भालेराव शेजारी शेजारी उघडून, नांदेड जिल्ह्याविषयीचा तेवढा एक परिच्छेद लिहून घेता आला, तर आरंभ म्हणून तो पुरेसा होईल.